लिनक्सवरील डेस्कटॉप प्रोग्राम डेटाबेसला जोडला जात नाही: बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे कसे ओळखावे

लिनक्सवर डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या वाट्याला एक तक्रार वारंवार येते. कालपर्यंत व्यवस्थित चालणारा प्रोग्राम लिनक्सची नवी आवृत्ती बसवल्यानंतर किंवा दुसऱ्या संगणकावर नेल्यानंतर डेटाबेस उघडायला नकार देतो. कधी ‘ड्रायव्हर नॉट लोडेड’ असा संदेश येतो, कधी ‘कान्ट ओपन लिब’ असा, तर कधी पासवर्ड बरोबर असूनही ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असे ऐकून घ्यावे लागते. मग नेहमीची धावपळ सुरू होते: सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला जातो, पासवर्ड बदलले जातात, फायरवॉल काढून पाहिला जातो आणि काहीच जमले नाही तर सर्व्हर मुळापासून नव्याने बसवला जातो. यांतल्या बहुतेक उपायांचा मूळ दोषाशी संबंध नसतो, कारण अनेकदा प्रोग्रामची विनंती तोवर सर्व्हरच्या दारापर्यंतही गेलेली नसते.

प्रोग्रामने जोडणी मागितल्यापासून टेबलातली पहिली ओळ पडद्यावर येईपर्यंतचा मार्ग एकदा नीट डोळ्यांसमोर आणला, तर शोध पुष्कळ सोपा होतो. प्रोग्राम आपल्या टूलकिटला, म्हणजे क्यूटीसारख्या ज्या तयार संचावर तो लिहिला आहे त्याला, सांगतो. टूलकिट त्या डेटाबेससाठीचा प्लगइन, म्हणजे वेगळा जोडता येणारा भाग (यालाच ड्रायव्हरही म्हणतात), उघडतो. प्लगइनला त्या डेटाबेसची क्लायंट लायब्ररी लागते, म्हणजे पोस्टग्रेससाठी लिबपीक्यू आणि मायएसक्यूएलसाठी लिबमायएसक्यूएलक्लायंट किंवा लिबमारियाडीबी. ती लायब्ररी सॉकेट (त्याच संगणकावरची जोडणीची खास फाइल) किंवा पोर्ट (नेटवर्कवरचे क्रमांकाचे दार) शोधून सर्व्हरशी बोलते. आणि शेवटी सर्व्हर आलेल्या वापरकर्त्याची ओळख तपासतो. ओडीबीसी, म्हणजे निरनिराळ्या डेटाबेसांशी एकाच पद्धतीने बोलण्याची सामाईक व्यवस्था, वापरत असल्यास मध्ये ड्रायव्हर मॅनेजर नावाचा आणखी एक टप्पा येतो. प्रत्येक टप्पा आपापला संदेश देतो, म्हणून काहीही बदलण्यापूर्वी हा संदेश कोणी दिला आहे ते ठरवावे. एवढे ठरले की निम्म्याहून अधिक शक्यता आपोआप बाद होतात.

खाली आज्ञांची आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

संदेश कोणाचा आहे

क्यूटीच्या प्रोग्राममध्ये त्रुटीचा मजकूर ‘ड्रायव्हर नॉट लोडेड ड्रायव्हर नॉट लोडेड’ असा सलग दोनदा छापलेला अनेकांनी पाहिला असेल. क्यूटीच्या त्रुटी-ऑब्जेक्टमध्ये दोन वेगळे मजकूर असतात, एक ड्रायव्हरचा आणि एक डेटाबेसचा. प्लगइन उघडता आला नाही की क्यूटी त्याच्या जागी एक रिकामा ड्रायव्हर बसवते आणि तो दोन्ही ठिकाणी हेच वाक्य भरतो. हे वाक्य दोनदा दिसले, तर प्रश्न सर्व्हरचा नाही, नेटवर्कचा नाही आणि पासवर्डचाही नाही, असे निःशंकपणे धरून चालावे.

पोस्टग्रेसच्या संदेशात ‘फेटल’ हा शब्द शोधावा. तो असेल तर सर्व्हर जागा आहे, त्याने विनंती ऐकली आहे आणि त्यानेच नकार दिला आहे. तो शब्द नसेल आणि ‘कनेक्शन टू सर्व्हर फेल्ड’ किंवा ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढेच असेल, तर बोलणारी लिबपीक्यू आहे आणि तिला सर्व्हर भेटलेलाच नाही. मायएसक्यूएलमध्ये हीच माहिती क्रमांकावरून मिळते. २००० च्या घरातले क्रमांक क्लायंट लायब्ररीचे असतात: २००२ म्हणजे स्थानिक सॉकेटवर जोडणी झाली नाही, २००३ म्हणजे टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कच्या मार्गाने, झाली नाही, २०५९ म्हणजे ओळख पटवणारा प्लगइन उघडता आला नाही. १००० च्या घरातले क्रमांक सर्व्हरचे असतात: १०४५ म्हणजे प्रवेश नाकारला, १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही.

ओडीबीसीच्या संदेशात सुरुवातीला चौकटी कंसांत नावे असतात आणि बरेचजण ती वगळून पुढचे वाक्य वाचतात. वास्तविक मोलाची माहिती तिथेच असते. ‘युनिक्सओडीबीसी, ड्रायव्हर मॅनेजर’ एवढीच नावे असतील तर गोष्ट ड्रायव्हर मॅनेजरपाशीच अडली आहे. त्यापुढे ड्रायव्हरचे आणि शेवटी सर्व्हरचे नाव असेल तर विनंती तितक्या अंतरापर्यंत गेली होती.

ड्रायव्हर यादीत दिसतो, तरी उघडत नाही

या प्रकारात लोकांचा सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहू. ‘क्यूमायएसक्यूएल ड्रायव्हर नॉट लोडेड’ या ओळीखाली क्यूटी लगेच उपलब्ध ड्रायव्हरांची यादी छापते आणि तीत क्यूमायएसक्यूएल हे नाव ठळकपणे असते. जो यादीत आहे तोच उघडत नाही, हे पाहून माणूस गोंधळतो. यात विसंगती मात्र नाही. क्यूटी ही यादी तयार करताना प्लगइनच्या फाइलीत साठवलेली माहिती वाचते, त्यासाठी प्लगइन उघडावा लागत नाही. प्रत्यक्ष उघडायची वेळ येते तेव्हा त्या फाइलीला लागणाऱ्या इतर लायब्ररी मेमरीत याव्या लागतात आणि त्यांतली एक जरी सापडली नाही तरी उघडणे फसते. यादीत नाव नसणे म्हणजे प्लगइनची फाइलच नाही. यादीत नाव असून उघडत नसणे म्हणजे जवळजवळ नेहमीच प्लगइनच्या मागची लायब्ररी नाही. या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फाइलच नसेल तर पॅकेज बसवावे. डेबियन आणि उबुंटूवर प्रत्येक डेटाबेससाठीचा प्लगइन वेगळ्या पॅकेजमध्ये असतो: क्यूटी ६ आणि पोस्टग्रेस यांसाठी लिबक्यूटी६एसक्यूएल६-पीएसक्यूएल, मायएसक्यूएलसाठी त्याच नावाच्या शेवटी मायएसक्यूएल. फेडोरावर ही पॅकेजे क्यूटी६-क्यूटीबेस या नावाने सुरू होतात आणि पुढे डेटाबेसचे नाव येते. क्यूटीच्या अधिकृत इन्स्टॉलरमधून क्यूटी बसवली असेल, तर परवान्यांच्या अडचणीमुळे सगळे प्लगइन त्यात मिळतीलच असे नाही. तसे असल्यास तो प्लगइन क्यूटीच्या स्रोतातून स्वतः तयार करावा लागतो किंवा वितरणाने (डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचाने) दिलेली क्यूटी वापरावी लागते. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण वितरणाच्या पॅकेजांमध्ये प्लगइन आणि क्लायंट लायब्ररी एकमेकांशी जुळवून ठेवलेल्या असतात आणि सुरक्षेचे अपडेट त्यांना एकत्र मिळतात.

फाइल असूनही उघडत नसेल तर क्यूटीच्या प्लगइन फोल्डरात एसक्यूएलड्रायव्हर्स हे उपफोल्डर शोधावे आणि त्यातल्या त्या फाइलीवर एलडीडी ही आज्ञा चालवावी. ती फाइल कोणकोणत्या लायब्ररींवर अवलंबून आहे आणि प्रत्येक कुठे सापडली, हे ओळीने दिसते. ज्या ओळीच्या शेवटी ‘नॉट फाउंड’ असेल ती ओळ हे दुखण्याचे मूळ आहे. एक नेहमीचे उदाहरण घ्या. उबुंटूवर मायएसक्यूएल ८.० ची क्लायंट लायब्ररी लिबमायएसक्यूएलक्लायंट या नावाने, एसओ २१ या क्रमांकाने (हा फाइलीच्या नावातला आवृत्ती-क्रमांक) असते. डेबियनने २०१७ मधल्या नवव्या आवृत्तीपासून मारियाडीबी स्वीकारली, त्यामुळे तिथे लिबमारियाडीबी, एसओ ३ ही लायब्ररी मिळते. उबुंटूवर तयार केलेला प्रोग्राम त्याच्या प्लगइनसह उचलून डेबियनवर ठेवला की एलडीडी एसओ २१ समोर ‘नॉट फाउंड’ दाखवते आणि क्यूटी ‘ड्रायव्हर नॉट लोडेड’ म्हणते. मायएसक्यूएलच्या निरनिराळ्या पिढ्यांतही हा क्रमांक बदलतो, ५.७ साठी तो २० होता, ८.४ साठी २४ झाला आहे. आवृत्ती बदलल्यावर हीच तक्रार पुन्हा का उगवते, याचे उत्तर या क्रमांकात आहे.

या ठिकाणी एक उपाय सर्रास सुचवला जातो आणि तो करू नये असे मी आवर्जून सांगेन: असलेल्या लायब्ररीला हव्या असलेल्या नावाची सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या नावाने त्याच फाइलीकडे नेणारी खूण) देणे. नाव जुळले तरी आतली फंक्शने आवृत्तीच्या खुणेसह शोधली जातात. लिबमारियाडीबीला लिबमायएसक्यूएलक्लायंट एसओ २१ असे नाव दिले, तर लायब्ररी मेमरीत आणणारा लोडर पुढच्याच पायरीवर ‘व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. क्वचित तो पुढे गेलाच, तर मेमरीतल्या रचना जुळत नसल्याने प्रोग्राम नंतर भलत्याच जागी कोसळतो आणि मग तो दोष शोधणे फार कठीण होते. योग्य लायब्ररी बसवणे किंवा प्लगइन त्या वितरणावर पुन्हा तयार करणे, एवढेच दोन सरळ मार्ग आहेत.

एलडीडीने काहीच दोष दाखवला नाही, तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स या, मोठ्या अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या, पर्यावरण चलाची किंमत १ करून प्रोग्राम चालवावा. क्यूटी कोणते फोल्डर पाहते, कोणती फाइल उचलते आणि का टाकून देते, हे ती सविस्तर छापते. तिथे ‘प्लगइन यूझेस इन्कम्पॅटिबल क्यूटी लायब्ररी’ असा मजकूर निघाला, तर दोन वेगवेगळ्या क्यूटी एकमेकींच्या वाटेत आल्या आहेत. पायथन वापरणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज-साधनाने, बसवलेली पायक्यूटी किंवा पायसाइड (पायथनमधून क्यूटी वापरण्याची साधने) स्वतःची संपूर्ण क्यूटी सोबत आणते आणि तिचे प्लगइन फोल्डर त्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या आत असते. त्यामुळे एपीटीने, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या पॅकेज-साधनाने, प्लगइनचे पॅकेज कितीही वेळा बसवले तरी त्या प्रोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही, आणि सिस्टिममधली फाइल कॉपी करून आत टाकली तर आवृत्ती जुळत नाही. अशा वेळी वितरणाचीच पायक्यूटी वापरावी, किंवा क्यूटीचे डेटाबेस मॉड्यूल बाजूला ठेवून पायथनचा स्वतंत्र ड्रायव्हर वापरावा.

आणखी एक कारण इथेच नोंदवतो. क्यूटीचे अ‍ॅप्लिकेशन ऑब्जेक्ट तयार होण्यापूर्वी, उदाहरणार्थ एखाद्या ग्लोबल चलाच्या आरंभात, जोडणी मागितली तर प्लगइन शोधण्याची व्यवस्थाच उभी राहिलेली नसते. क्यूटी तसे बजावते, पण ती ओळ टर्मिनलमध्ये जाते आणि आयकॉनवर क्लिक करून प्रोग्राम उघडणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून असा प्रोग्राम तपासताना तो नेहमी टर्मिनलमधून चालवावा.

लाझारसमध्ये, म्हणजे पास्कल भाषेत डेस्कटॉप प्रोग्राम लिहिण्याच्या साधनात, याच दोषाचे रूप थोडे वेगळे आहे. तिथे मायएसक्यूएलच्या प्रत्येक पिढीसाठी स्वतंत्र जोडणी-घटक आहे आणि फॉर्मवर ५.७ चा घटक ठेवून संगणकावर ८.० ची लायब्ररी असली, तर अपेक्षित आवृत्ती कोणती आणि मिळाली कोणती हे तो संदेशातच सांगतो. घटक बदलावा; आवृत्तीची तपासणी बंद करण्याची सोय आहे, पण ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी.

ओडीबीसी: फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी ‘फाइल नॉट फाउंड’

ओडीबीसीचा जन्म १९९२ चा आणि तोही विंडोजच्या दुनियेतला, पण युनिक्सओडीबीसीमुळे लिनक्सवरही तो पक्का रुजला आहे. त्याच्या दोन फाइली लक्षात ठेवाव्यात. ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआय या फाइलीत ड्रायव्हर नोंदवलेले असतात आणि ओडीबीसी डॉट आयएनआय या फाइलीत डेटा सोर्सची, म्हणजे कोणत्या डेटाबेसला कसे जोडायचे याच्या नोंदींची, नावे असतात. ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ असा संदेश, ज्याचा संकेतांक आयएम००२ आहे, आला म्हणजे ड्रायव्हर मॅनेजर जी फाइल वाचत आहे तीत ते नाव नाही. आपण ज्या फाइलीत नाव लिहिले तीच तो वाचत आहे, हे गृहीत धरू नये. ओडीबीसीइन्स्ट या आज्ञेला जे हा पर्याय देऊन चालवले की तो नेमक्या कोणत्या फाइली वाचतो ते मार्गांसह दिसते. वितरणाच्या पॅकेजातला ड्रायव्हर मॅनेजर इटीसी फोल्डर पाहतो, हाताने कंपाइल केलेला यूएसआर-लोकलच्या आतले इटीसी पाहतो आणि अ‍ॅनाकोंडासोबत आलेला स्वतःच्याच फोल्डरात पाहतो. एकाच संगणकावर दोन ड्रायव्हर मॅनेजर असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

वापरकर्त्याचा प्रश्नही इथेच येतो. व्यक्तिगत डेटा सोर्स घरच्या फोल्डरातल्या, बिंदूने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीत असतात. सुडो लावून (प्रशासक, म्हणजे रूट, होऊन) आयएसक्यूएल या युनिक्सओडीबीसीच्या आज्ञेने चाचणी घेतली तर रूटच्या घरातली फाइल वाचली जाते, आपली नाही. ज्या वापरकर्त्याच्या नावाने प्रोग्राम चालणार आहे, त्याच नावाने चाचणी घ्यावी. आयएसक्यूएलला व्ही हा पर्याय जरूर द्यावा, नाहीतर काय चुकले ते न सांगता तो नुसता नकार देतो.

‘कान्ट ओपन लिब, फाइल नॉट फाउंड’ हा संदेश या सगळ्यांत अधिक दिशाभूल करणारा आहे. मार्ग बरोबर असतो, फाइल तिथे असते, वाचण्याचा अधिकारही असतो, तरी संदेश तोच राहतो. कारण पुन्हा तेच: ती फाइल उघडताना तिच्या मागची एखादी लायब्ररी मिळाली नाही आणि ड्रायव्हर मॅनेजरने सरसकट ‘फाइल सापडली नाही’ असे सांगितले. इथेही एलडीडी चालवली की खरे नाव बाहेर येते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला जोडणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत आणखी एका बदलाला तोंड द्यावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हरची १८ वी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि तिने एन्क्रिप्शन मूळ सेटिंगमध्येच सक्तीचे केले. १७ व्या आवृत्तीवर चालणारा प्रोग्राम, आतल्या नेटवर्कमधल्या सर्व्हरकडे स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र असेल, तर १८ वर ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ म्हणून थांबतो. ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट या पर्यायाला ‘येस’ दिले की जोडणी होते, पण मग समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची खात्री उरत नाही. विकासाच्या संगणकावर ते चालेल. ग्राहकाकडे देताना सर्व्हरला ओळखीचे प्रमाणपत्र द्यावे आणि तो पर्याय काढून टाकावा.

‘लोकलहोस्ट’ प्रत्येकाचा वेगळा

सर्व्हर त्याच संगणकावर असताना जोडणी दोन प्रकारे होऊ शकते: फाइल सिस्टिममधल्या सॉकेटवरून किंवा टीसीपी पोर्टवरून. या दोन्हींतून कोणती निवडायची, याबाबत पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांच्या क्लायंट लायब्ररी उलट वागतात आणि दोन्हींवर काम करणाऱ्याची हमखास फसगत होते. मायएसक्यूएलमध्ये होस्ट म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिले की लायब्ररी सॉकेट वापरते आणि तुम्ही दिलेला पोर्ट क्रमांक चक्क दुर्लक्षित करते. टीसीपी हवे असेल तर १२७.०.०.१ असे लिहावे लागते. पोस्टग्रेसमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिले की टीसीपी वापरले जाते. होस्ट रिकामा सोडला, किंवा तिरक्या रेघेने सुरू होणारा फोल्डरचा मार्ग दिला, तर सॉकेट वापरले जाते. कंटेनरमध्ये चालणाऱ्या मायएसक्यूएलला ३३०७ सारखा पोर्ट देऊन ‘लोकलहोस्ट’ने जोडू पाहणाऱ्याला यामुळे २००२ ही त्रुटी मिळते, आणि संगणकावर दुसरा मायएसक्यूएल चालू असेल तर त्याहून वाईट म्हणजे भलत्याच सर्व्हरशी जोडणी होते.

सॉकेटची जागाही ठरलेली नसते. मूळ स्रोतातून तयार केलेले पोस्टग्रेस ती टेम्प फोल्डरात ठेवते, तर डेबियनचे पॅकेज व्हार-रन-पोस्टग्रेएसक्यूएल या फोल्डरात. मायएसक्यूएलची सॉकेट डेबियन परिवारात व्हार-रन-मायएसक्यूएलडी इथे आणि फेडोरा परिवारात व्हार-लिब-मायएसक्यूएल इथे सापडते. त्रुटीच्या शेवटी कंसात येणारा छोटा आकडा इथे फार उपयोगी पडतो: २ म्हणजे त्या मार्गावर सॉकेटच नाही, १३ म्हणजे आहे पण हात लावायचा अधिकार नाही, १११ म्हणजे पलीकडे ऐकणारे कोणी नाही.

डेबियन आणि उबुंटूवर आवृत्ती बदलल्यानंतरचा एक सापळा पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस १५ आहे आणि १३ मध्ये १७. वितरण अपग्रेड करताना जुना क्लस्टर (पोस्टग्रेसच्या एका सर्व्हरचा डेटासंच) तसाच राहतो आणि नवा सर्व्हर त्याच्या शेजारी बसतो. जुन्याने ५४३२ हा पोर्ट अडवलेला असल्याने नव्याला ५४३३ मिळतो. कोणी जुने पॅकेज काढले की ५४३२ वर कोणीच उरत नाही. कोणी हाताने पोर्ट बदलले की प्रोग्राम रिकाम्या क्लस्टरला जोडला जातो आणि ‘डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट’ असे ऐकतो. पीजी_एलएसक्लस्टर्स ही आज्ञा कोणती आवृत्ती कोणत्या पोर्टवर आहे ते एका दृष्टिक्षेपात दाखवते. पीजी_अपग्रेडक्लस्टरने डेटा नव्या आवृत्तीत नेल्यावर ती जुना पोर्टही नव्या क्लस्टरला देते. त्याआधी बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पॅकेज-पद्धतींमधून चालणारे प्रोग्राम सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून अलग केलेल्या चौकटीत, असतात. त्यांना मूळ संगणकाच्या इटीसीतल्या ओडीबीसीच्या फाइली दिसत नाहीत, त्यावरचे ड्रायव्हर दिसत नाहीत आणि सहसा सॉकेटही दिसत नाही. अशा प्रोग्रामसाठी टीसीपी वापरणे आणि ड्रायव्हर पॅकेजच्या आतच ठेवणे हे सोयीचे पडते.

पासवर्ड बरोबर आहे, तरी प्रवेश नाही

सर्व्हरने नकार दिला असे एकदा ठरले की मगच पासवर्डाकडे वळावे. पोस्टग्रेसचा ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ हा संदेश पासवर्डाविषयी नाहीच. सॉकेटवरून येणाऱ्याचे लिनक्समधले नाव आणि डेटाबेसमधले नाव एकच असावे, असा नियम पीजी_एचबीए डॉट कॉन्फ या फाइलीत लिहिलेला असतो आणि ती नावे जुळली नाहीत की पासवर्ड विचारलाच जात नाही. टीसीपीवरून आल्यास दुसरा नियम लागू होतो, म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिल्यावर तोच प्रोग्राम चालू लागतो. त्या फाइलीत वरून खाली पाहताना जुळणारी पहिलीच ओळ लागू होते, त्यामुळे शेवटी जोडलेली नवी ओळ पुष्कळदा निरुपयोगी ठरते. बदलानंतर सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचायलाही सांगावे लागते. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीमध्ये रूट वापरकर्त्याची हीच कथा आहे. उबुंटूवर रूटची ओळख सॉकेटवरून पटवली जाते. डेस्कटॉप प्रोग्रामने रूट म्हणून जोडायचा आग्रहच धरू नये. त्याच्यासाठी मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता करावा.

दुसरे कारण लायब्ररीच्या वयाचे असते. पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, स्क्रॅम ही पासवर्डाची नवी पद्धत आली आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून तीच मूळ पद्धत झाली. अ‍ॅपइमेजमध्ये (लायब्ररींसह एकाच फाइलीत बांधलेल्या पॅकेजमध्ये) जुनी लिबपीक्यू भरलेला प्रोग्राम नव्या सर्व्हरकडे गेला की ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ म्हणतो. मायएसक्यूएल ८.० ने २०१८ मध्ये असाच बदल केला आणि मारियाडीबीची क्लायंट लायब्ररी वापरणाऱ्यांना त्यासाठीचा वेगळा प्लगइन न सापडल्याने २०५९ ही त्रुटी दिसू लागली. सर्व्हरला जुन्या पद्धतीकडे परत नेण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो टिकणारा नाही: मायएसक्यूएल ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळातच बंद करून ठेवलेली आहे. क्लायंट लायब्ररी नवी करावी.

एसक्यूलाइटविषयी थोडेसे

एसक्यूलाइट सगळा डेटाबेस एका फाइलीत ठेवते, तिला सर्व्हर नाही, त्यामुळे वरच्या बहुतेक अडचणी तिथे उद्भवत नाहीत. ‘डेटाबेस इज लॉक्ड’ ही त्रुटी आली तर दुसरे कोणी लिहीत आहे. बिझी टाइमआउट (कुलूप सुटेपर्यंत थांबायची मुदत) ठेवावा आणि वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची) चालू करावी. फाइलीला लिहिण्याचा अधिकार असून लिहिता येत नसेल, तर ती फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचे अधिकार पाहावेत, कारण जर्नलची फाइल तिथेच तयार होते. नेटवर्क फोल्डरावर ठेवलेली एसक्यूलाइटची फाइल अनेक संगणकांवरून उघडू नये. वॉल पद्धत तिथे चालत नाही आणि नेटवर्कवरील लॉकिंगवर विसंबता येत नाही. तशी गरज निर्माण झाली की पोस्टग्रेसकडे जाण्याची वेळ आली असे समजावे.

जोडणी झाली, पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हे

मराठी नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये हा दोष इतरांपेक्षा अधिक जाचतो, कारण तो त्रुटी म्हणून दिसतच नाही. नोंदींतल्या नावांच्या जागी ‘????’ आले, तर वाटेत कुठेतरी अक्षरे अशा संचात बदलली गेली ज्यात देवनागरी नाही. ती तशीच साठवली गेली असतील तर मूळ अक्षरे गेलीच. उलट, उच्चारचिन्हे असलेली युरोपीय अक्षरे ओळीने दिसली तर बाइट शाबूत आहेत आणि फक्त त्यांचे वाचन चुकले आहे. ती नोंद सहसा वाचवता येते. क्यूटीचा पोस्टग्रेस प्लगइन जोडणी युनिकोडमध्येच करतो. ओडीबीसीमध्ये मात्र पोस्टग्रेसचे दोन ड्रायव्हर मिळतात, एक युनिकोड आणि एक अँसी, आणि मराठीसाठी युनिकोडचाच घ्यावा लागतो. फ्रीटीडीएस (एसक्यूएल सर्व्हरसाठीचा मुक्त ड्रायव्हर) वापरत असल्यास क्लायंटचा अक्षरसंच यूटीएफ-८ असा लिहावा आणि एसक्यूएल सर्व्हरमधले स्तंभ एनव्हारचार प्रकारचे ठेवावेत.

स्तंभाची लांबी ठरवतानाही हे ध्यानात असावे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा वाटतो, पण युनिकोडमध्ये काने आणि हलन्त चिन्हे धरून त्याचे १० घटक होतात आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ याप्रमाणे ३० बाइट लागतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल घटक मोजतात, काही डेटाबेस बाइट मोजतात. नाव मध्येच तुटले तर आधी हे पाहावे.

नवा प्रोग्राम सुरू करताना

वापरणारा एकच असेल आणि डेटा त्याच संगणकावर राहणार असेल, तर एसक्यूलाइट घ्यावे. अनेकजण वापरणार असतील तर पोस्टग्रेस आणि टूलकिटचा थेट प्लगइन, दोन्ही वितरणाच्या पॅकेजांतून. ओडीबीसी तेव्हाच घ्यावे, जेव्हा समोर एसक्यूएल सर्व्हर आहे किंवा एकाच प्रोग्रामला ग्राहकागणिक वेगळ्या डेटाबेसशी बोलायचे आहे. एक टप्पा वाढला की तपासायची एक जागा वाढते. जावामध्ये लिहिणाऱ्यांना जेडीबीसीचे, म्हणजे जावाच्या डेटाबेस-जोडणी व्यवस्थेचे, शुद्ध जावा ड्रायव्हर मिळतात, त्यांना सिस्टिमच्या लायब्ररींची गरज नसते आणि वितरण बदलले तरी ते चालत राहतात. तिथली नेहमीची ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ ही त्रुटी म्हणजे ड्रायव्हरची जार फाइल क्लासपाथमध्ये (जावा जिथे फाइली शोधते त्या यादीत) नाही किंवा जोडणीच्या पत्त्याची सुरुवात चुकली आहे. लिब्रेऑफिस बेसमध्ये ती जार प्रगत पर्यायांमधल्या क्लासपाथमध्ये जोडून प्रोग्राम पुन्हा सुरू करावा लागतो.

कोणताही मार्ग घेतला तरी प्रोग्राममध्येच निदानाची सोय ठेवावी, असा माझा आग्रह आहे. जोडणी फसल्यावर ‘डेटाबेस उपलब्ध नाही’ एवढेच दाखवणारी खिडकी वापरणाऱ्याच्याही उपयोगाची नाही आणि फोनवरून मदत करणाऱ्याच्याही नाही. लॉगमध्ये उपलब्ध ड्रायव्हरांची यादी, क्यूटीची आवृत्ती, प्लगइनचे फोल्डर, होस्ट, पोर्ट आणि वापरकर्त्याचे नाव लिहावे; पासवर्ड कधीही लिहू नये. त्रुटीतला ड्रायव्हरचा मजकूर, डेटाबेसचा मजकूर आणि मूळ त्रुटी-क्रमांक हे तीन वेगवेगळ्या ओळींवर छापावेत, एकत्र जोडून नव्हे. ती लॉग फाइल कुठे आहे हे ‘मदत’ मेनूतून एका क्लिकमध्ये उघडता यावे, म्हणजे ग्रंथालयातल्या किंवा पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्याला टर्मिनल न उघडता ती पाठवता येईल.